गावाने जंगल राखायचे, तर सुरुवात कुठून करावी?

"आमच्या गावात वन समिती आहे. पाटी आहे, अध्यक्ष आहेत, रजिस्टर आहे. मग हा सामूहिक दावा पुन्हा कशाला?" जंगलालगतच्या गावात बैठक बसली की हा प्रश्न हमखास येतो. दुसराही ठरलेला असतो: "शेतीचे पट्टे मिळाले, म्हणजे वनहक्काचे काम संपलेच ना?" आणि पट्टा मिळून चार-पाच वर्षे झालेल्या गावात तिसरा: "कागद मिळाला, पण जंगल होते तसेच आहे. आता काय करायचे?"

तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच घोटाळा आहे. 'लोकसहभाग' या एका नावाखाली गावापुढे निरनिराळ्या व्यवस्था येतात. काहींत गाव मदतनीस असते, एकीत गाव कारभारी असते. आपण यांपैकी कोण, हे ठरल्याशिवाय चर खणायला किंवा रोपे लावायला सुरुवात केली, तर श्रम गावाचे आणि निर्णय दुसऱ्याचा, असे होते.

म्हणून कोणतीही समिती, योजना किंवा करार पुढे आला की ग्रामसभेत हे तीन प्रश्न विचारा:

- शेवटचा निर्णय कोण घेणार?
- पैसा कोणाच्या खात्यात जाणार, आणि सही कोणाची?
- समिती चुकली तर तिला बदलण्याचा अधिकार कोणाचा?

पुढचे सारे मार्गदर्शन याच तीन प्रश्नांभोवती आहे.

गावात आज काय आहे, ते आधी तपासा

ग्रामपंचायतीचे दप्तर आणि वन समितीचे रजिस्टर घेऊन बसा. साधारणपणे पुढीलपैकी काहीतरी सापडेल.

- संयुक्त वन व्यवस्थापन समिती. केंद्राचे १९९० चे परिपत्रक आणि राज्याचा १९९२ चा शासन निर्णय यांतून ही समिती आली. सचिवपद साधारणपणे वन विभागाच्या कर्मचाऱ्याकडे असते. गाव राखण करते, कामावर मजुरी मिळते, उत्पन्नात वाटा मिळू शकतो. पण पाया शासन निर्णयाचा आहे, कायद्याने मान्य केलेल्या हक्काचा नाही.
- व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या गावांतील विकास समिती. गॅस जोडणी, कुंपण, रोजगार अशा योजनांसाठी ती उपयोगी पडते. जंगलाचा कारभार मात्र तिच्याकडे येत नाही.
- जैवविविधता व्यवस्थापन समिती. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली ती स्थानिक संस्थेच्या पातळीवर असते. गावातल्या वनस्पती, प्राणी आणि जाणकारांचे ज्ञान यांची लोक जैवविविधता नोंदवही करणे हे तिचे मोठे काम. ही वही पुढे दाव्यात आणि आराखड्यात फार कामाला येते.
- वैयक्तिक वनपट्टा. हा कुटुंबाच्या कसणुकीचा हक्क, कमाल चार हेक्टरपर्यंत. गावाच्या जंगलाशी त्याचा थेट संबंध नाही. तो मिळाल्याने सामूहिक हक्क संपत नाही.
- सामूहिक वनसंपत्तीचा हक्क. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(झ) मध्ये, म्हणजे इंग्रजी प्रतीतल्या 'आय' या पोटकलमात तो आहे. गाव परंपरेने ज्या जंगलाची राखण करत आले, त्याचे संरक्षण, पुनरुज्जीवन, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हा हक्क. वरच्या तिन्ही प्रश्नांचे उत्तर 'ग्रामसभा' असे येते ते फक्त इथेच.

याचा अर्थ आधीची समिती मोडा असा नाही. तिच्या रजिस्टरातल्या राखणीच्या पाळ्या, दंडाच्या नोंदी, सूक्ष्म आराखडा हे सगळे दाव्याचे पुरावे आहेत. ते रजिस्टर जपून ठेवा.

दावा कोण करू शकते?

इथे तीन गैरसमज पक्के बसलेले आहेत.

*"हा कायदा फक्त आदिवासींचा."* नाही. इतर पारंपरिक वननिवासींनाही हक्क आहे. फरक मुदतीचा: अनुसूचित जमातीसाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचे वास्तव्य पुरे होते, इतरांना त्या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य आणि जंगलावरचे अवलंबन दाखवावे लागते.

*"दावा ग्रामपंचायत करते."* नाही. दावा ग्रामसभेचा असतो आणि सह्या ग्रामसभेच्या असतात. ग्रामपंचायतीत तीन-चार गावे असतील तर प्रत्येक गावाचे जंगल वेगळे आणि राखणारेही वेगळे असतात. अनुसूचित क्षेत्रात तर पाडा-वस्तीची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते.

*"आमचे जंगल अभयारण्यात आहे, तिथे हा कायदा नाही."* कायद्याच्या व्याख्येतल्या वनजमिनीत अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानेही येतात.

दाव्याची वाट, पायरी-पायरीने

१. ग्रामसभा बोलवा आणि गणसंख्या मोजा. वनहक्काच्या ग्रामसभेला एकूण सदस्यांपैकी किमान निम्मे हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. नेहमीच्या ग्रामसभेपेक्षा ही अट कडक आहे. पुष्कळ दावे इथेच ठेचकाळतात. हजेरीपत्रकावर महिलांच्या सह्या वेगळ्या मोजा आणि आकडा ठरावात लिहा.

२. वनहक्क समिती निवडा. १० ते १५ सदस्य. त्यांत किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश महिला. गावात अनुसूचित जमातीची वस्ती नसेल तर महिलांची अट तेवढी राहते. ही समिती दावा तयार करते आणि तपासते. निर्णय ग्रामसभेचा असतो.

३. योग्य नमुना घ्या. नमुना 'अ' वैयक्तिक, नमुना 'ब' निस्तार (घरगुती गरजांसाठी जंगलाचा वापर), चराई, गौण वनोपज, मासेमारी यांसारख्या सामूहिक हक्कांचा, आणि नमुना 'क' सामूहिक वनसंपत्तीचा. जंगलाच्या कारभाराचा हक्क हवा असेल तर 'क' भरलाच पाहिजे. केवळ 'ब' भरणाऱ्या गावाला वापराचा हक्क मिळतो, व्यवस्थापनाचा नाही. नमुने विनामूल्य मिळायला हवेत. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

४. शिवार फिरा. म्हातारी माणसे, गुराखी, मोहफूल वेचणाऱ्या बायका आणि वैदू यांना बरोबर घ्या. नाला, टेकडी, देवस्थान, जुनी वाट, पाणवठा अशा ओळखीच्या खुणांनी हद्द ठरवा आणि नकाशावर काढा. कक्ष क्रमांक लिहा. वन विभागाचा नकाशा पुढे ठेवून घरात बसून हद्द आखू नका. तुमचे चराईचे रान कदाचित दोन कक्षांत विभागलेले असेल.

५. शेजारच्या गावांना आधी भेटा. हद्दी एकमेकींत शिरतात. एकाच तळ्यावर दोन गावांची गुरे जातात. संयुक्त बैठक घ्या, दोन्ही गावांच्या सह्यांचे पत्र जोडा. हे राहिले तर पुढे शेजाऱ्याची हरकत येते आणि दावा वर्षानुवर्षे पडून राहतो.

६. किमान दोन पुरावे जोडा. निस्तारपत्रक, गॅझेटियर, जनगणना किंवा जमाबंदीची नोंद, जुना नकाशा, वन विभागाची कार्य आयोजना (जंगलाच्या कामांचा आराखडा) चालतात. वयोवृद्धांचा लेखी जबाबही पुरावा आहे. देवराई, स्मशान, जुनी विहीर, पडक्या वस्तीचे अवशेष, चराईचे रान, कंदमुळे आणि औषधी वनस्पती गोळा करण्याच्या जागा याही पुराव्यांतच मोडतात. "सातबारा आणा" असे कोणी म्हणाले, तर नियमांतली पुराव्यांची यादी दाखवा.

७. स्थळपाहणीची लेखी सूचना द्या. वन आणि महसूल विभागाच्या कर्मचाऱ्यांनी पाहणीला हजर राहून कार्यवृत्तावर पदनाम, तारीख आणि शेरा यांसह सही करावी, असा नियम आहे. सूचनेची पोच ठेवा.

८. ग्रामसभेचा ठराव करून दावा उपविभागीय समितीकडे पाठवा. तिथून तो जिल्हास्तरीय समितीकडे जातो. प्रत्येक कागदाची एक प्रत गावात राहिली पाहिजे, आणि तीही एकाच माणसाच्या घरी नको.

दावा अडकला किंवा फेटाळला तर

आधी कारण लेखी मागा. "त्रुटी आहे" एवढ्या उत्तरावर परत येऊ नका. तुमचे हक्क असे आहेत:

- वरच्या समितीला ठराव अपुरा वाटला तर तिने तो परस्पर न फेटाळता ग्रामसभेकडे फेरविचारासाठी पाठवायचा असतो.
- उपविभागीय समितीच्या निर्णयावर ६० दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागता येते. निर्णयाची तारीख लिहून ठेवा, कारण दिवस तिथूनच मोजतात.
- महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रात जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अपील करता येते. राज्यपालांच्या मे २०२० च्या अधिसूचनेने ही सोय झाली.
- ज्या वननिवासी गावाला सामूहिक वनसंपत्तीचा हक्क मिळालेला नाही, तिथे त्याची कारणे जिल्हास्तरीय समितीच्या सचिवांनी नोंदवायची असतात. ही नोंद मागता येते, आणि ती मागितल्याने झोपलेले कागद पुष्कळदा जागे होतात.
- अधिकारी कायदा मोडत असतील तर ग्रामसभा ठराव करून राज्यस्तरीय संनियंत्रण समितीला ६० दिवसांची नोटीस देऊ शकते.

पट्टा हातात आला, त्याच दिवशी काय वाचाल?

हार-तुरे होतील, फोटो निघेल. घरी जाण्यापूर्वी पुढच्या गोष्टी तपासा:

- हक्क ग्रामसभेच्या नावे आहे की एखाद्या समितीच्या?
- कक्ष क्रमांक आणि क्षेत्र दाव्याशी जुळते का? कमी केले असेल तर कारण दिले आहे का?
- सामूहिक वनसंपत्तीचा उल्लेख आहे, की फक्त निस्ताराचा?
- कायद्यात नसलेल्या अटी घातल्या आहेत का?

चूक सापडली तर तिथेच लेखी हरकत घ्या. काही वर्षांनी तीच चूक 'गावाला मान्य' ठरवली जाते.

पहिले वर्ष: आधी समिती, मग आराखडा, मग फावडे

उत्साहाच्या भरात गावे थेट रोपे लावायला धावतात. क्रम उलटा हवा.

ग्रामसभेने स्वतःतून संरक्षण व व्यवस्थापन समिती निवडावी. तिचे बँक खाते ग्रामसभेच्या नियंत्रणाखाली असावे. सह्या किमान दोघांच्या, त्यांत एक महिला असली तर उत्तम. हिशेब दर ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा. समितीला काढण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे, हे पहिल्याच ठरावात लिहा.

मग आराखडा. जाड पुस्तक नको. एका नकाशावर आणि दहा-बारा पानांत पुढील गोष्टी मावल्या पाहिजेत:

- कोणत्या भागात जंगल दाट, कुठे विरळ, कुठे उघडा माळ
- गुरे कुठे चरतील, कोणता भाग किती वर्षे बंद
- कोणते वनोपज, कोणत्या महिन्यात, किती आणि कसे काढायचे
- हात न लावायची जागा: देवराई, झऱ्याचा उगम, पक्ष्यांची वसतिस्थाने
- नियम मोडला तर दंड किती, आणि तो वसूल कोण करणार

हा आराखडा वन विभागाच्या कार्य आयोजनेशी जोडायचा असतो, पण त्यात कोणते बदल करायचे हे ठरवण्याचा अधिकार नियमांनी गावाच्याच समितीला दिला आहे. "कार्य आयोजनेत बसत नाही म्हणून तुमचा आराखडा रद्द" असे कोणी सांगितले, तर हा मुद्दा पुढे ठेवा.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनसंपत्तीचा हक्क मिळाला. पण त्याआधी कित्येक वर्षे गावात अभ्यासगट चालत होते आणि निर्णय सर्वसहमतीने घेण्याची रीत होती. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा सगळ्यांना पाठ आहे. तिच्यामागे ही बैठकांची सवय उभी होती. तुमच्या गावात ती नसेल तर आधी महिन्याला एक ठरलेली बैठक सुरू करा. खर्च शून्य आहे.

जंगल सावरायचे कसे?

रोपे लावण्याआधी खोडे मोजा. उघड्या दिसणाऱ्या जमिनीतही तुटलेल्या झाडांची मुळे जिवंत असतात. साग, तेंदू, पळस, धावडा यांना फुटवे येतात. कुऱ्हाड, आग आणि गुरे यांपासून तीन-चार पावसाळे वाचवले तर रोपवाटिकेविना जंगल उभे राहू लागते. जिथे काहीच उगवत नाही तिथेच लागवड करा. आणि ती मोह, चार, आवळा, बेहडा, बांबू अशा गावाला उपयोगी असणाऱ्या स्थानिक झाडांची. निलगिरी, सुबाभूळ किंवा गिरीपुष्पाने हिरवे दिसेल, पण वेचायला काही मिळणार नाही.

चराईबंदी वाटून घ्या. सगळे जंगल एकदम बंद केले तर पहिला फटका शेळ्या पाळणाऱ्या भूमिहीन कुटुंबाला बसतो, आणि नियम मोडणाराही नाइलाजाने तोच ठरतो. जंगलाचे चार-पाच भाग करा. एक-दोन बंद, बाकी खुले. बंद भागातले गवत कापून नेण्याची मुभा द्या, आणि त्यात पहिला वाटा त्या कुटुंबांना द्या.

वणव्याचा बंदोबस्त फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी करा. जाळरेषा साफ करा, राखणीच्या पाळ्या लावा. आग बाहेरून येते असे आपण म्हणतो. पण मोहफुले नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवणारे हात गावातलेच असतात. तिथे पाला झाडून बाजूला करा किंवा झाडाखाली जाळी बांधा. जाळीवर पडलेली फुले स्वच्छ राहतात, भावही बरा मिळतो.

पाणी आणि माती. समतल चर, दगडी बांध, वनतळी ही कामे रोजगार हमीतून करून घेण्याचा प्रयत्न करा. पावसाळ्यानंतर नव्हे, उन्हाळ्यातच मागणी नोंदवा. घाणेरी आणि रानतुळस यांसारख्या पसरणाऱ्या झुडपांची मुळासकट उपटणीही या कामांना जोडून घ्या. एकदाच काढून ती जात नाहीत. दोन-तीन वर्षे मागे लागावे लागते.

अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीर गावाला २०१२ मध्ये सुमारे १९३ हेक्टर उजाड जमिनीवर हक्क मिळाला. चराई आणि तोड आवरून, माती-पाण्याची कामे करून गावाने ती जमीन पुन्हा हिरवी केली आणि तिथली सीताफळे बाजारात नेली. उजाड जमीन मिळाली म्हणून पट्टा नाकारू पाहणाऱ्या गावांनी हे लक्षात ठेवावे.

वनोपजातून उत्पन्न: हक्क आणि सावधगिरी

गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे येते. बांबू, तेंदूपत्ता, मोह, मध, लाख, औषधी वनस्पती हे सगळे त्यात येते. इमारती लाकूड येत नाही. या बाबतीत "आता जंगल आपलेच" अशी चूक करू नका.

- गौण वनोपजावर स्वामित्वधन किंवा शुल्क द्यावे लागत नाही.
- वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने अधिकार दिलेली व्यक्ती देऊ शकते. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी मेंढा (लेखा) येथे येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेकडे सोपवले. पुढे २०१२ च्या नियम-दुरुस्तीने ही व्यवस्था सर्वांसाठी आली.
- बांबू तोडताना: पावसाळ्यात तोड बंद ठेवा. एक-दोन वर्षांचे कोवळे बांबू सोडा. जमिनीपासून वीतभर उंचीवर, पेराच्या लगेच वर तोडा. बेटाचा कंद खणू नका.
- तेंदूपत्ता विकताना: कंत्राटदाराशी लेखी करार, आगाऊ रक्कम आणि उरलेल्या पैशाच्या तारखा ठरल्याशिवाय पहिला पुडाही देऊ नका. पुड्यांची रोजची नोंद गावाने स्वतः ठेवावी. हंगाम संपल्यावर कंत्राटदाराचा फोन लागेनासा होणे, ही एकट्या-दुकट्या गावाची तक्रार नाही. जवळची गावे मिळून लिलाव केला तर भाव मिळतो आणि वसुलीलाही बळ येते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावने बांबूचा व्यवसाय स्वतः चालवला, पण तेंदूपत्ता तोडणे थांबवले. चांगली पाने फुटावीत म्हणून फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात, हे गावाला मान्य नव्हते. तुमच्या गावाने हाच निर्णय घ्यावा असे नाही. पण उत्पन्न घ्यायचे की सोडायचे हे ठरवण्याची मुभा असणे, हाच कारभारी आणि मदतनीस यांच्यातला फरक आहे.

वन विभागाशी भागीदारी: भांडण नको, भाबडेपणाही नको

हक्क मिळाला म्हणून वनरक्षक शत्रू होत नाही. चोरटी तोड पकडली तर पंचनामा, रोपांची माहिती, वन्यप्राण्यांच्या हल्ल्यानंतरची भरपाई यांसाठी विभाग लागतोच. फक्त व्यवहार कागदावर ठेवा. विभागाला गावाच्या जंगलात रोपवन घ्यायचे असेल, तर आधी ग्रामसभेत प्रस्ताव, मग ठराव, मग काम. प्रजाती कोणती, कुंपण किती, मजुरी कोणाला, उत्पन्न कोणाचे, हे ठरावात यावे. "निधी मार्चअखेर परत जाईल, आधी सही करा" अशी घाई असेल, तर निर्णय, पैसा आणि समिती बदलण्याचा अधिकार यांविषयीचे ते तीन प्रश्न आठवा.

हमखास होणाऱ्या चुका

- एकच कार्यकर्ता किंवा संस्था सगळे कागद सांभाळते. तो माणूस गेला की गाव रिकामे.
- महिलांच्या सह्या होतात, मते घेतली जात नाहीत. सरपणाला कोण जाते हे विसरून केलेला कुऱ्हाडबंदीचा नियम महिनाभरही टिकत नाही.
- दंड गरिबाला लागतो, पुढाऱ्याच्या ट्रॅक्टरला लागत नाही. असे एकदा झाले की राखण संपली.
- फिरत्या पशुपालकांना न विचारता चराईचे नियम होतात. त्यांचाही मोसमी वापराचा हक्क कायद्यात आहे.
- पहिल्या वर्षीच्या उत्पन्नाचे पूर्ण वाटप होते. काही हिस्सा जंगलाच्या कामासाठी राखून ठेवण्याचा ठराव पैसा येण्याआधी करा. आल्यावर तो होत नाही.

पुढच्या ग्रामसभेसाठी तीन कामे

सगळे एकदम करायला जाऊ नका. पुढच्या बैठकीत एवढेच करा: गावात कोणकोणत्या वन समित्या आहेत त्यांची यादी वाचा. प्रत्येकीपुढे निर्णय, खाते आणि बदलण्याचा अधिकार अशा तीन रकान्यांत नावे लिहा. आणि येत्या पंधरवड्यात शिवारफेरीला कोण जाणार, ते ठरवा. त्यात किमान एक गुराखी आणि दोन मोहवाल्या बाया असू द्या. पट्टा यायला वर्षे लागतील. पण त्या फेरीत कुठला झरा आटला आणि कुठे पळस पुन्हा फुटला हे गावाच्या वहीत उतरले, म्हणजे कारभार सुरू झाला.